मोटरस्पोर्टचे प्रसारण हक्क आणि रेस बघणारा माणूस

एखादी रेस सिरीज कुठल्या देशात, कुठल्या चॅनेलवर किंवा ॲपवर आणि किती वर्षं दाखवायची याचा जो परवाना विकला जातो त्याला प्रसारण हक्क म्हणतात. ऐकायला कागदोपत्री भानगड वाटते, पण कोल्हापुरात रविवारी संध्याकाळी साडेसहाला युरोपातली फॉर्म्युला वन रेस दिसणार का, दिसली तर हॉलमधल्या टीव्हीवर का फोनवर, आणि त्याचे वेगळे पैसे किती, हे सगळं त्याच करारात ठरतं आणि ते ठरवताना बघणाऱ्याला कुणी विचारत नाही.

रेसिंगमध्ये टीव्हीचं वजन बाकी खेळांपेक्षा जास्त आहे. खासबागेत कुस्ती बघायला बसलात तर डाव पट सगळा डोळ्यासमोर घडतो, रेसचा ट्रॅक मात्र पाच-सहा किलोमीटरचा, स्टँडवर बसलेल्याला एखाद-दुसरं वळण दिसतं आणि गाड्या सूंऽ करून निघून जातात. कोण किती सेकंद मागे आहे, कुणाचे टायर संपलेत, पिटमध्ये, म्हणजे गाड्या टायर बदलायला थांबतात तिथे, काय गडबड झाली हे पडद्यावरच कळतं. आणि फॉर्म्युला वनची चित्रं चॅनेलवाले स्वतः घेतच नाहीत, ती फॉर्म्युला वन कंपनीच तयार करते, इंग्लंडमधल्या बिगिन हिलला त्यांचं सेंटर आहे, तिथून तीच फीड, म्हणजे चित्रांचा प्रवाह, जगभर जाते आणि प्रत्येक चॅनेल त्यावर आपली कॉमेंट्री चढवतं. म्हणजे मागे दहाव्या नंबरसाठी चाललेली जबरदस्त फाइट कॅमेऱ्यानं सोडली तर ती अख्ख्या जगाला दिसत नाही.

गाडीवरच्या स्टिकरची किंमतही कॅमेऱ्यावरच. अमेरिकेत १९७१ पासून टीव्ही-रेडिओवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, त्याच वर्षी विन्स्टन सिगारेट नॅस्कारची, म्हणजे तिकडच्या सगळ्यात मोठ्या कार रेस सिरीजची, मुख्य स्पॉन्सर झाली आणि २००३ पर्यंत त्या चॅम्पियनशिपला तिचंच नाव होतं. जाहिरात दाखवता येत नव्हती, पण सिगारेटचं नाव असलेली रेस दाखवता येत होती.

या हक्कांत किती पैसा आहे हे पहिल्यांदा नीट ओळखलं ते बर्नी एक्लस्टननं. ब्राभम टीमचा हा मालक. सत्तरच्या दशकात टीम्स मनाला येईल त्या रेसला यायच्या, नाही आल्या तर नाही, आणि टीव्हीवाले पण एखाद-दुसरी रेस दाखवून मोकळे व्हायचे. १९८१ च्या काँकॉर्ड करारात, म्हणजे टीम्स आणि संघटनेतल्या करारात, टीम्सनी सगळ्या रेसना हजर राहायचं बंधन घातलं गेलं, त्यामुळे पूर्ण सीझन एक पॅकेज म्हणून विकता यायला लागला, आणि खरा पैसा तिथून सुरू झाला. पुढे २००१ मध्ये एफआयएनं, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेनं, फॉर्म्युला वनचे व्यापारी हक्क एक्लस्टनच्या कंपनीला २०११ ते २११० अशा शंभर वर्षांसाठी दिले, सुमारे ३१ कोटी डॉलरला. शंभर वर्षांसाठी! आज फॉर्म्युला वनच्या वर्षाच्या कमाईतला जवळपास एक तृतीयांश भाग एकट्या प्रसारण हक्कांतून येतो, त्यावरून तो सौदा किती स्वस्तात गेला ते बघा.

अमेरिकेत वळण आलं ते १८ फेब्रुवारी १९७९ ला. सीबीएस चॅनेलनं नॅस्कारची डेटोना ५०० ही रेस पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाइव्ह दाखवली, त्या दिवशी पूर्व किनाऱ्यावर बर्फाचं वादळ, लोक घरातच अडकलेले, शेवटच्या लॅपला केल यारबरो आणि डॉनी ॲलिसन एकमेकांवर आदळले, रिचर्ड पेटी जिंकला आणि तिकडे मैदानात मारामारी जुंपली. ज्यांनी आधी कधी रेस बघितली नव्हती असे लाखो लोक त्या दिवशी ती बघत होते. २०२५ ते २०३१ साठी त्याच नॅस्कारचे हक्क ७७० कोटी डॉलरना गेलेत, फॉक्स आणि एनबीसीच्या जोडीला टीएनटी आणि ॲमेझॉन प्राइम, म्हणजे तिकडच्या माणसालाही पूर्ण सीझन एका जागी मिळत नाही.

खरा वाद आहे तो फुकट का पैसे भरून हाच. ब्रिटनमध्ये फॉर्म्युला वन वर्षानुवर्षं बीबीसी आणि आयटीव्हीवर फुकट दिसायची. २०१२ पासून स्काय हे पैसे भरून बघायचं चॅनेल आलं, बीबीसीकडे निम्म्याच रेस लाइव्ह राहिल्या, आणि २०१९ पासून घरची ब्रिटिश ग्रां प्री सोडली तर सगळं लाइव्ह स्कायकडे गेलं, चॅनेल फोरवर हायलाइट्स. जर्मनीत १९९१ पासून फुकट दाखवणाऱ्या आरटीएल चॅनेलनं २०२० नंतर हक्क सोडले. त्यांच्या चॅम्पियन ड्रायव्हर शुमाकरला बघत एक पिढी तिथे वाढली ती फुकटच्या चॅनेलमुळेच. पैसे घेणारा चॅनेल जास्त देतो, कॅमेरे जास्त, प्रॅक्टिस सेशनपासून सगळं दाखवतो, हे मान्य करायलाच पाहिजे, पण चॅनेल बदलता बदलता सहज रेसवर थांबून त्यात अडकणारं दहा-बारा वर्षांचं पोरगं त्या व्यवस्थेत येत नाही आणि माझ्या मते हा तोटा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. अमेरिकेत उलट झालं. २०१८ ला ईएसपीएननं फॉर्म्युला वन जवळजवळ फुकटात घेतली, लोकांना सवय लागली, नेटफ्लिक्सच्या मालिकेनं त्यात भर घातली, आणि २०२६ पासून पाच वर्षांसाठी ॲपलनं मोठी रक्कम मोजून ती उचलली.

रेसची वेळसुद्धा टीव्हीच ठरवतो. २००९ ला मलेशियातली सेपांगची रेस युरोपच्या प्रेक्षकांसाठी संध्याकाळी ५ वाजता ठेवली, तिथे त्या वेळेला धो धो पाऊस येतो हे सगळ्यांना माहीत होतं, तो आलाच, थांबलेली रेस अंधारामुळे परत सुरूच करता आली नाही, आणि ५६ पैकी ३१ लॅपचा निकाल धरून अर्धे गुण वाटले. तिकीट काढून भिजत बसलेल्या माणसाला काय मिळालं? २०१४ ला जपानच्या सुझुकात ड्रायव्हर ज्यूल बियांकीचा जीवघेणा अपघात पावसात आणि मावळत्या उजेडात झाला, त्यानंतरच्या समितीनं सूर्यास्ताच्या किमान ४ तास आधी रेस सुरू व्हावी असं सुचवलं, आणि पुढच्या वर्षी सुझुकाची वेळ एक तास अलीकडे आणली. भारताला मात्र युरोपच्या सोयीच्या वेळा बऱ्या पडतात, सिंगापूरची नाइट रेस आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला.

भारतात फॉर्म्युला वन बरीच वर्षं स्टार स्पोर्ट्सवर होती. २००५ ला नारायण कार्तिकेयन जॉर्डनच्या गाडीत बसला, २०११ ते २०१३ ग्रेटर नोएडात ग्रां प्री झाली आणि तिन्ही वेळा जर्मन ड्रायव्हर वेटेल जिंकला, हे सगळं केबलवर बघितलेली माणसं कोल्हापुरात भरपूर आहेत. शिवाजी उद्यमनगरात इंजिनं आणि सुटे भाग करणारं हे गाव, गाडीचा नाद इथे घराघरात. २०२२ चा सीझन संपल्यावर स्टार स्पोर्ट्सचा करार संपला, २०२३ मध्ये कुठल्याच भारतीय चॅनेलवर रेस नव्हती, फॉर्म्युला वनच्या स्वतःच्या ॲपचं, एफवन टीव्हीचं, सबस्क्रिप्शन घ्यायला लागायचं, आणि २०२४ ला हक्क फॅनकोडकडे गेले, म्हणजे ॲपवर. पैसे फार नाहीत, पण केबलवर वडील, काका आणि पोरं एकत्र बघायची ती रेस आता ज्याच्या फोनमध्ये ॲप आहे त्याचीच झाली, आणि नेट अडखळलं की नेमकं शेवटच्या लॅपला चक्र फिरत बसतं. क्रिकेटसारखं दूरदर्शनवरही येत नाही, कारण २००७ च्या कायद्यानं ज्या स्पर्धांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावंच लागतं त्यांत मोटरस्पोर्ट नाही.

याचा फटका फक्त बघणाऱ्याला नाही, चालवणाऱ्यालाही बसतो. कोल्हापुरात मोहितेंची रेसिंग अकॅडमी आहे, राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या रेसच्या, फेऱ्या त्या ट्रॅकवर झाल्यात, ध्रुव मोहितेसारखे ड्रायव्हर इथले, कृष्णराज महाडिक तर ब्रिटिश फॉर्म्युला थ्री या खालच्या पायरीच्या सिरीजपर्यंत जाऊन आला. पण कार्टिंग करणाऱ्या पोराचा बाप टायर, इंजिन, प्रवासाचा खर्च घेऊन एखाद्या कारखानदाराकडे गेला की समोरून पहिला प्रश्न येणार तो रेस कुठे दिसणार हाच, आणि राष्ट्रीय कार्टिंगला फॉर्म्युला वनसारखा करार नाही, त्यामुळे बऱ्याचदा खर्च घरातूनच होतो.