सोनं सापडतं, पण सांगते माती: अँग्लो-सॅक्सन शोधांची पार्श्वभूमी

अँग्लो-सॅक्सन म्हटलं की बातमी येते ती सोन्याचीच. कुणाच्या तरी शेतात तलवारीची मूठ सापडते, आठवडाभर फोटो फिरतात आणि मग सगळं शांत. पण या लोकांबद्दल आज जी काही पक्की माहिती आहे, तिच्यातला मोठा भाग वस्तू कुठं, कशाच्या शेजारी आणि कशा पडल्या होत्या त्यावरून कळलाय, आणि हे लक्षात यायला इंग्लंडलाही बराच काळ लागला.

आधी थोडक्यात. ब्रिटनमधली रोमन राजवट इ.स. ४१० च्या सुमारास आटोपली. त्यानंतर उत्तर समुद्रापलीकडून, म्हणजे आजचा उत्तर जर्मनी, डेन्मार्क, नेदरलँड्स या पट्ट्यातून अँगल, सॅक्सन, ज्यूट असे लोक येत गेले (यांनाच मिळून अँग्लो-सॅक्सन म्हणतात), त्यांची छोटी छोटी राज्यं झाली, आणि १०६६ मध्ये नॉर्मनांनी हेस्टिंग्जची लढाई जिंकल्यावर तो काळ संपला. अडचण अशी की सुरुवातीची दोनशे वर्षं हे लोक रून लिपीतली चार अक्षरं सोडली तर जवळपास काही लिहीतच नव्हते. त्यांची कहाणी सांगितली बीड नावाच्या भिक्षूनं, ७३१ मध्ये, म्हणजे ते पहिल्यांदा आले असं तो म्हणतो त्यानंतर पावणेतीनशेहून जास्त वर्षांनी. त्यामुळं मधल्या काळाला सरळ ‘अंधारयुग’ म्हणून मोकळं व्हायची पद्धत पडली.

खोदकामाची सुरुवात मजेशीर आहे. अठराव्या शतकात आग्नेय इंग्लंडातल्या केंटमध्ये ब्रायन फॉसेट नावाचे एक पाद्री होते, त्यांनी सातशेच्या वर कबरी उकरल्या. १७७१ मध्ये किंग्स्टन डाउनला त्यांच्या मुलाच्या हाती सोन्याचा आणि लाल गार्नेट खड्यांचा एक अप्रतिम गोल ब्रोच (कपड्याला लावायचा दागिना) लागला, वडील तेव्हा संधिवातानं बेजार होऊन बग्गीत बसलेले. फॉसेट नोंदी चांगल्या ठेवायचे, पण शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की ही माणसं रोमन वळणाची ब्रिटन, म्हणजे तिथलेच आधीचे रहिवासी होती. पुढं जेम्स डग्लस यांनी १७९३ मध्ये छापलेल्या ग्रंथात दाखवून दिलं की या कबरी सॅक्सनांच्या आहेत. एकेक सुंदर वस्तू उचलून बघण्याऐवजी एका कबरीत कशाबरोबर काय निघतंय हे त्यांनी मांडलं, म्हणून ते जमलं. मला तरी या सगळ्या इतिहासातली खरी कलाटणी हीच वाटते, सटन हूच्या १९३९ मधल्या गाजलेल्या शोधाआधी जवळपास दीडशे वर्षं.

आणि आता सटन हू, त्याशिवाय पुढं जाता येत नाही.

पूर्व इंग्लंडातल्या सफोकमध्ये डेबन नदीच्या वरच्या अंगाला सटन हू इथं ईडिथ प्रिटी या बाईंची इस्टेट होती, तिथं दफनांवर रचलेल्या जुन्या मातीच्या टेकड्या होत्या. त्यांनी इप्सविच म्युझियमकडून बॅसिल ब्राउन यांना बोलावलं. ब्राउन कुठल्याही युनिव्हर्सिटीत शिकलेले नव्हते, पण सफोकची माती त्यांना हाताला कळायची. १९३८ ला तीन टेकड्या झाल्या, त्या पूर्वीच लुटलेल्या निघाल्या. मे १९३९ मध्ये सगळ्यात मोठी टेकडी घेतली आणि मदतीला असलेल्या माळ्याला लोखंडाचा एक गंजका तुकडा मिळाला. ब्राउन यांनी ओळखलं की हा जहाजाचा रिव्हेट, म्हणजे फळ्या जोडणारा खिळा आहे, कारण जवळच स्नेप इथं १८६२ मध्ये असंच दफनातलं जहाज निघालं होतं. मग त्यांनी रिव्हेट उपटले नाहीत, जागच्या जागी ठेवले आणि वाळू हळूहळू काढत गेले. लाकूड तर केव्हाच कुजून गेलेलं, पण आम्लधर्मी वाळूत फळ्यांचा ठसा आणि रिव्हेटच्या ओळी जशाच्या तशा होत्या, आणि बघता बघता २७ मीटरचं अख्खं जहाज समोर उभं राहिलं, ज्यात जहाजाचं लाकूड म्हणून काहीच नव्हतं! ओढून काढलं असतं तर हातात फक्त गंजलेल्या खिळ्यांचं पोतं राहिलं असतं.

पुढं केंब्रिजचे चार्ल्स फिलिप्स आले आणि जहाजाच्या मधोमध असलेल्या दफनाच्या दालनाचं काम त्यांच्या टीमकडं गेलं, पहिलं सोनं पेगी पिगॉट यांना दिसलं. ब्राउन यांना त्यानंतर बाजूला सारल्यासारखंच झालं आणि कितीतरी वर्षं त्यांचं नाव मागंच राहिलं, हे मला अजूनही खटकतं. दालनात हेल्मेटचे शेकडो तुकडे, चारशे ग्रॅमहून थोडं जास्त वजनाचं सोन्याचं बक्कल, बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातली) चांदीची भांडी, लायर नावाचं एक तंतुवाद्य, आणि एक पर्स. पर्समध्ये ३७ सोन्याची नाणी होती, सगळी फ्रँकांच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या टाकसाळींची, त्यावरून काळ सातव्या शतकाचा सुरुवातीचा भाग ठरला आणि त्या भागातल्या ईस्ट अँग्लिया राज्याचा राजा रेडवाल्ड, मृत्यू साधारण ६२५, याचं नाव पुढं आलं. नक्की तोच, असं म्हणता येत नाही. शरीर मिळालं नाही, वाळूनं तेही खाल्लं होतं, जमिनीतल्या फॉस्फेटवरून मात्र तिथं देह ठेवला असावा असं दिसतं.

ऑगस्टमध्ये चौकशी होऊन सगळा ठेवा कायद्यानं प्रिटीबाईंचा ठरला आणि त्यांनी तो उचलून ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. लगेच युद्ध लागलं, वस्तू लंडनच्या आल्डविच ट्यूब स्टेशनच्या बोगद्यात ठेवल्या गेल्या. हेल्मेट दोनदा जुळवलं गेलं, आज म्युझियममध्ये दिसतं ते १९७१ चं.

‘अंधारयुग’ हा शब्द यानंतर टिकणं अवघडच होतं. भूमध्य समुद्राकडची चांदी इथं पोचत होती, आणि त्या काळच्या दागिन्यांवरचे लाल गार्नेट तपासले तर काही चक्क भारत आणि श्रीलंकेकडचे निघतात, पुढं युरोपातल्या बोहेमियाचे (आजच्या चेक प्रदेशातले) वाढत जातात. आपल्याकडचे खडे हातोहात फिरत सफोक-केंटच्या सोनारापर्यंत जायचे, हे वाचून मी किती वेळ नुसता नकाशा बघत बसलो होतो.

उलट बाजू स्टॅफर्डशरची. जुलै २००९ मध्ये लिचफील्डजवळ नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टरवर सोनं लागलं आणि मग निघतच राहिलं, जवळपास चार किलो सोनं, पावणेदोन किलो चांदी, हजारो तुकडे, बहुतेक तलवारींच्या मुठींचे, बायकांचे दागिने जवळजवळ नाहीतच. किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड. पण ना कबर, ना घर, ना खड्ड्याच्या कडा, नांगरानं सगळं कालवून टाकलेलं. म्हणून एवढा ऐवज कुणी आणि कशासाठी पुरला यावर अजून वाद चालू आहेत.

गेल्या काही वर्षांत साध्यासुध्या कबरींनी सगळ्यात मोठी भर घातलीय. २०२२ मध्ये आलेल्या डीएनए अभ्यासात पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या त्या काळच्या लोकांचा सरासरी ७६ टक्के वंश समुद्रापलीकडचा निघाला. म्हणजे मूठभर सरदार आले आणि बाकीच्यांनी त्यांची भाषा-पद्धत उचलली, ही काही दशकं जोरात असलेली मांडणी आता तितकीशी टिकत नाही. बायकाही आल्या होत्या, आणि स्थानिकांशी सोयरीकही होत होती, कितीतरी दफनभूमीत दोन्हीकडची माणसं शेजारी-शेजारी आहेत.

केंटमधल्या अपडाउनच्या दफनभूमीत सातव्या शतकातली एक मुलगी आहे. तिच्या वडिलांकडच्या आजी-आजोबांपैकी एकजण पश्चिम आफ्रिकेचं होतं असं डीएनए सांगतं, आईकडून ती उत्तर युरोपातली. तिच्याबरोबर ठेवलं होतं एक भांडं, सुरी, चमचा आणि नक्षीचा हाडाचा कंगवा, तिथल्या बाकी कुणाही मुलीला देतात तसंच. आणि तिचे नातेवाईक त्याच दफनभूमीत पुरलेले आहेत.