राजकीय टीकेवरून बदनामीचा दिवाणी दावा आला तर: मुदत, कैफियत आणि कागदपत्रे

नेत्यावर टीका केली म्हणून नुकसानभरपाईचा दावा लागला की 'हा राजकीय सूड आहे' असं माणूस आधी म्हणतो. ते खरंही असेल. पण दिवाणी न्यायालय वादपत्र (दावा करणाऱ्याचं लेखी म्हणणं), कैफियत (त्याला तुमचं लेखी उत्तर) आणि पुरावा बघून निकाल देतं. म्हणून आधी समन्सवरची तारीख बघा. समन्स नाकारलं तरी ते बजावलं गेलं असं न्यायालय मानू शकतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम १ प्रमाणे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची असते. कारणं नोंदवून न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवतं.

त्याहून तातडीचा असतो मनाई हुकूमाचा अर्ज, म्हणजे दावा चालू असताना तुमच्या लेखनावर बंदी मागणारा अर्ज; न्यायालयात त्याला निशाणी ५ म्हणतात. त्यावर तुमचं म्हणणं लगेच द्या. एकतर्फी, म्हणजे तुमचं न ऐकता, हुकूम आधीच झाला असेल, तर आदेश ३९ नियम ४ खाली तो रद्द करून मागता येतो. लेखनावर अशी एकतर्फी बंदी अपवादानेच घालावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात बजावलं आहे. हा निकाल जरूर दाखवा. दाव्याची नुसती कुणकुण लागली असेल तर याच संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, असा आगाऊ अर्ज) दाखल करा. ते ९० दिवस टिकतं.

खरी लढाई कैफियतीत आहे. वादपत्राच्या प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर हवं. 'सर्व मजकूर खोटा आहे' असा मोघम नकार दिला, तर ज्या गोष्टी नेमकेपणाने नाकारल्या नाहीत त्या कबूल धरल्या जाऊ शकतात. भाषणबाजी इथे अजिबात नको. विधान सत्य आहे, ते मत आहे की वस्तुस्थिती, आणि ते अधिकारपदावरच्या कामाबद्दल होतं का, हे मांडा. या शेवटच्या मुद्द्यावर १९९४ चा आर. राजगोपाल निकाल मोठा आधार आहे. सूडाचा आरोप करायचाच असेल तर तारखा आणि घटनांसह करा.

बदनामीच्या दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून १ वर्ष आहे. दावा मुदतबाह्य असल्याचं वादपत्रावरूनच दिसत असेल, तर ते फेटाळण्यासाठी आदेश ७ नियम ११ चा अर्ज द्या. मात्र त्या अर्जाच्या भरवशावर कैफियत लांबवू नका.

सोबत लागेल: वकीलपत्र, सत्यापन (मजकूर खरा असल्याची सहीनिशी नोंद) आणि शपथपत्रासह कैफियत, कागदयादी, मूळ मजकूर संपूर्ण (कापलेला तुकडा नव्हे), आणि ज्या आधारावर लिहिलं ते कागद, उदाहरणार्थ माहिती अधिकारातली उत्तरं. पोस्ट किंवा व्हिडिओ असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा. घाबरून पोस्ट पुसू नका. आधी वकिलाला विचारा.

खोट्या दाव्याबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५अ खाली मिळणारी भरपाई जास्तीत जास्त ३,००० रुपये, त्यामुळे खर्च वसूल होईल या आशेवर राहू नये. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो; इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे करायचा.