अरबी शिकण्याची ओढ मोजताना

मलेशियात अरबी शिकणारी अनेक मुलं लहानपणापासून कुराण सफाईने वाचतात, पण त्याच ओळीचा अर्थ विचारला की अडखळतात. अशांची प्रेरणा आणि अभ्यासाच्या पद्धती मोजण्याचं एक प्रचलित साधन म्हणजे ‘एमएसएलक्यू’ (मोटिव्हेटेड स्ट्रॅटेजीज फॉर लर्निंग क्वेश्चनेअर). मिशिगन विद्यापीठात पॉल पिंट्रिच आणि सहकाऱ्यांनी केलेल्या या प्रश्नावलीची पुस्तिका १९९१ची. विधानं ८१: प्रेरणेची ३१, अभ्यासपद्धतींची ५०. प्रत्येक विधानाला १ (मला अजिबात लागू नाही) ते ७ (पूर्णपणे लागू) असे गुण द्यायचे.

सगळ्या गुणांची बेरीज मात्र करू नये. विधानं १५ घटकांत विभागलेली आहेत आणि प्रत्येक घटकाची सरासरी वेगळी काढायची असते. परीक्षेच्या धास्तीचे जास्त गुण ही काही चांगली बातमी नव्हे. ते आत्मविश्वासाच्या गुणांत मिसळले तर हाती काहीच लागत नाही. शिवाय आठ विधानं उलटी आहेत, उदाहरणार्थ ‘कंटाळून अभ्यास अर्धवट सोडतो’. तिथे ८ मधून मिळालेला गुण वजा करायचा. हे राहून गेलं की त्या घटकाचा क्रोनबाख अल्फा, म्हणजे विधानांचा आपसातला मेळ, कोसळतो आणि दोष मूळ इंग्रजी प्रश्नावलीच्या भाषांतरावर जातो. साधारण ०.७ पुरेसा मानतात. पण मूळ पुस्तिकेतच ‘मदत मागणे’ या घटकाचा अल्फा ०.५२ आहे, आत्मविश्वासाचा ०.९३.

प्रश्नावली अरबीत दिली तर प्रेरणेऐवजी वाचनक्षमताच मोजली जाते. म्हणून ती मलयमध्ये करावी, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर करून घ्यावं आणि आधी छोट्या गटावर तपासावी.

खरी अडचण पुढेच आहे. या प्रश्नावलीतली ‘बाह्य’ प्रेरणा म्हणजे चांगले गुण, इतरांवर सरशी, घरच्यांसमोर कर्तबगारी. ‘आंतरिक’ म्हणजे कुतूहल आणि आव्हानाची आवड. कुराण समजावं म्हणून शिकणारा नेमका कुठे बसवायचा? त्याला ओढूनताणून एका खणात घालण्यापेक्षा धार्मिक हेतूची तीन-चार विधानं जोडावीत आणि त्यांचे गुण वेगळे ठेवावेत. अर्थात, वर्गशिक्षकच कागद गोळा करणार असतील तर तिथे कमी गुण कोण देईल? नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावा, म्हणजे पुढे परीक्षेच्या गुणांशी ताडताही येतं.

पाठांतराचे गुण एकटे वाचू नयेत. पाठांतरात मुरलेल्या मुलांचे ते चढेच येणार. नवं शिकलेलं जुन्याशी जोडणं आणि स्वतःची समज तपासणं या घटकांचे गुण शेजारी ठेवले की चित्र उमगतं. आणि प्रश्नावली सत्राच्या मध्यावर द्यावी: पहिल्या आठवड्यात अभ्यासाची पद्धत ठरलेली नसते, परीक्षेच्या आठवड्यात धास्तीचे आकडे फुगतात.