हाताचं वळण, फॉन्टची शिस्त: 'कलम' या हस्ताक्षरी देवनागरी फॉन्टची पार्श्वभूमी

घाईत लिहिताना अनेक जण अक्षरांवर रेघ मारत नाहीत. मारलीच तर शब्द संपल्यावर एका झटक्यात. हाताला जे सोपं, तेच फॉन्टला अवघड. तिथे प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि तो शेजारी येईल त्या अक्षराशी बेमालूम जुळावा लागतो. रेघ हातासारखी वरखाली डुलू दिली की सांधे उघडे पडतात. त्यामुळे खेळकर देवनागरी हवी असेल तर बराच काळ ती कलाकाराकडून हाताने रेखाटून घेणं हाच खात्रीचा मार्ग होता. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षकं आठवा: नाटक बदललं की अक्षराचा बाजही बदलायचा.

रोमन लिपीत रेघेची अडचण नाही. १९९४ साली मायक्रोसॉफ्टमध्ये व्हिन्सेंट कॉनेर यांनी कॉमिक सॅन्स काढला, कारण एका प्रोग्रॅममधला कार्टून कुत्रा टाइम्स न्यू रोमनमध्ये बोलत होता! पुढे हा फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरी गेला आणि नको तिथे वापरला गेल्याने बदनाम झाला.

मराठी डीटीपीचे (संगणकावरच्या पानमांडणीचे) जुने फॉन्ट जेमतेम २५६ जागांत बसवलेले. जोडाक्षरं तुकडे जोडून करायची, आणि दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावला की मजकुराची गिचमीड. युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक) आणि ओपनटाइप (जोडाक्षरं आपोआप घडवणारी फॉन्टची पद्धत) यांनी ही कोंडी फोडली. २०१४ मध्ये इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीने लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांचा 'कलम' मुक्त परवान्याने खुला केला. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशी तीन वजनं (रेघेच्या जाड्या), प्रत्येकात १,०२५ अक्षराकार. देवनागरी आणि रोमन एकाच वळणाची. अक्षर उजवीकडे झुकलेलं, टोकं गोलसर. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्टकारांच्या गटाचे 'मोदक' आणि 'बलू' हे फॉन्ट साधारण त्याच काळातले, पण ते गुटगुटीत. हस्ताक्षराची नक्कल हा त्यांचा हेतू नाही.

'कलम' आमंत्रणं, मुलांची पुस्तकं, पाककृतीची कार्डं, चित्रकथेतले फुगे यांत शोभतो. पानभर मजकुराला लावू नये. तिरपेपणाने डोळा थकतो.

बिघडतं ते बहुधा मांडणीत. इंग्रजीच्या सवयीने अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. ते शून्यच ठेवा. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट धरा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर आदळतो. अक्षर मुळातच झुकलेलं असल्याने वर इटॅलिकचं बटण दाबू नका. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षर फुटलं तर दोष फॉन्टचा नसतो. परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारा त्यातला पर्याय) लावायचा राहिलेला असतो. छपाईला देण्याआधी 'सुऱ्या', 'कर्तृत्व', 'शृंगार' हे तीन शब्द टाइप करून पाहावेत. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात की हिंदी, तेही तेव्हाच तपासावं.