घरगुती श्रमबचतीची साधने

रोजच्या कामाला लागणारे बळ कमी करणारी, किंवा ते शरीराच्या अधिक समर्थ भागावर टाकणारी साधी उपकरणे आणि कामाच्या रीती. त्यांत वीज किंवा इंजिन नसते. काम तेवढेच राहते. मात्र ते कमी जोराने अधिक अंतरात, अथवा बोटे व मनगटांऐवजी खांदे, मांड्या आणि शरीराचे वजन यांच्या बळावर उरकता येते. संधिवात, वार्धक्य किंवा पक्षाघातानंतरचा अशक्तपणा असलेल्यांना त्यांचा विशेष उपयोग होतो.

महाराष्ट्रातील घरांत या तत्त्वाची जुनी उदाहरणे आढळतात. जात्याचा खुंटा वरच्या दगडाच्या कडेजवळ बसवलेला असतो, कारण आसापासूनचे अंतर वाढले की दगड फिरवायला कमी जोर लागतो. विहिरीवरच्या कप्पीविषयी मात्र गैरसमज आहे : एकच स्थिर चाक असलेली कप्पी घागरीचे वजन मुळीच हलके करीत नाही. ती ओढण्याची दिशा बदलते. त्यामुळे काठावर वाकून दोर वर खेचण्याऐवजी ताठ उभे राहून तो खाली ओढता येतो, शेंदणाऱ्याचे स्वतःचे वजन कामी येते आणि कंबर वाचते. चुंबळीचेही तसेच आहे. पंधरा लिटर पाण्याचे सुमारे 15 किलो वजन चुंबळीमुळे घटत नाही, पण गोल बुडाच्या हंड्याचा भार डोक्याच्या एकाच जागी न टेकता कड्याभर पसरतो आणि हंडा डळमळत नसल्याने तोल सावरण्यात मानेचे स्नायू कमी थकतात.

विळी हे या दृष्टीने अतिशय विचारपूर्वक घडलेले साधन म्हणावे लागेल. पाट पायाखाली दाबलेला असल्याने पाते स्थिर राहते, आणि भाजी दोन्ही हातांनी त्यावर दाबायची असल्यामुळे सुरीप्रमाणे मूठ आवळून धरावी लागत नाही. बोटांचे सांधे दुखणाऱ्याला हा मोठा दिलासा असतो. तिची अडचण जमिनीवर बसण्या-उठण्याची आहे. गुडघे दुखत असतील तर ओट्यावर वापरायची विळी सोयीची, मात्र ती घट्ट बसलेली असली पाहिजे.

मुठीची जाडी हा दुर्लक्षित राहणारा मुद्दा आहे. बारीक दांडा घट्ट पकडायला बोटे पूर्ण मिटावी लागतात. त्यावर फोमची नळी चढवली किंवा कापड गुंडाळले तर कमी पकडीत तेच काम होते. अमेरिकेत सॅम फार्बर यांनी हातांच्या संधिवाताने त्रस्त असलेल्या पत्नीची अडचण पाहून जाड, मऊ मुठीची सोलणी व इतर उपकरणे 1990 मध्ये बाजारात आणली, आणि ती सर्वसाधारण ग्राहकांनीही उचलून धरली. गरम पदार्थ भरून बंद केलेल्या बरणीचे झाकण आतली हवा व वाफ थंड होऊन दाब घटल्यामुळे घट्ट बसते. अशा वेळी जोर लावण्यापेक्षा चमच्याच्या टोकाने कड किंचित उचलून हवा आत जाऊ द्यावी. झाकणाभोवती रबर गुंडाळल्यास हात घसरत नाही.

काठी सर्वांच्या परिचयाची असली तरी ती अनेकदा चुकीच्या हातात धरली जाते. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी. दुखऱ्या पायावर उभे राहताना कमरेचे हाड दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याजवळच्या स्नायूंना जोरात ओढ द्यावी लागते आणि सांध्यावरील दाबाचा मोठा वाटा या ओढीतून येतो. विरुद्ध हातातील काठी सांध्यापासून दूर टेकत असल्याने थोड्याशा रेट्यानेही ती ओढ बरीच कमी करते. पायात नेहमीची पादत्राणे घालून हात सैल सोडले असता काठीची मूठ मनगटाच्या वळीपर्यंत यावी. टोकाचे रबर झिजले की ते लगेच बदलावे, कारण गुळगुळीत रबर ओल्या फरशीवर घसरते.