मिठाविना कंडिशनर: क्षार तेच, फक्त चिकटत नाहीत

इंदुरात निपानिया, बिचोली, राऊच्या बाजूला नव्या इमारती उभ्या राहिल्या, तिथे नर्मदेच्या नळापेक्षा बोरिंगवर भिस्त जास्त. राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत शॉवरची भोकं बुजतात, गीझर तापताना कुरकुरतो, आणि कोणी तरी ‘सॉल्ट-फ्री सॉफ्टनर’ गळ्यात मारून जातो. दुसऱ्या दिवशी घरमालक टीडीएसचं (विरघळलेल्या एकूण क्षारांचं) पेन बुडवतो: काल 700, आज 700. मग भांडण. भांडायचंच असेल तर कंडिशनर ‘सॉफ्टनर’ म्हणून विकल्याबद्दल भांडावं. आकडा हलला नाही याबद्दल नको, कारण तो हलवणं हे त्या यंत्राचं कामच नाही.

आणि तो आकडा मिठाच्या सॉफ्टनरनंही हलत नाही. त्यातलं रेझिन (प्लास्टिकचे बारीक मणी) पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. विरघळलेला माल तेवढाच राहतो, फक्त बदलतो. टीडीएसचं पेन पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतं. ती कॅल्शियममुळे वाहते की सोडियममुळे, हे त्याला कळत नाही. कठीणपणा, म्हणजे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, हे कळायला थेंब मोजायचं किट लागतं: नमुन्यात रंगसूचक घालायचा, ईडीटीएचे (कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडणाऱ्या रसायनाचे) थेंब सोडत जायचं, वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं आणि थेंबांच्या संख्येवरून आकडा काढायचा. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात कठीणपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचा.

माळव्याचं पठार काळ्या बेसॉल्टचं. त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं झिजताना कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडतात, आणि काळ्या मातीत मुरलेलं पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन ते आणखी विरघळवतं. म्हणून बोरिंगच्या पाण्यात जो कठीणपणा असतो, त्यातला बराचसा बायकार्बोनेटचा, म्हणजे शाळेत शिकलेला ‘तात्पुरता’. जलूदहून उचललेलं नर्मदेचं पाणी त्या मानानं सौम्य. पण बहुतेक घरांत दोन्ही एकाच हौदात पडतात, तेव्हा तपासणी वरच्या टाकीतल्या पाण्याची करावी, आणि तीही बोरिंग जास्त चालतं त्या उन्हाळ्यात.

पाणी तापलं की कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतं: कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, मागे उरते. तात्पुरता कठीणपणा 250 असेल तर हजार लिटर पाण्यातून जास्तीत जास्त पाव किलो चुनखडी निघू शकते. रोज 60 लिटर गरम पाणी वापरणाऱ्या घरात वर्षाला पाच किलोंच्या वर. प्रत्यक्षात यातला थोडाच भाग बसतो, कारण पाणी गीझरमध्ये फार वेळ थांबत नाही. पण बसतो तो नेमका एलिमेंटवर. दोन किलोवॅटच्या एलिमेंटचा पृष्ठभाग अंदाजे 300 चौरस सेंटिमीटर धरला, तर एक मिलिमीटर थराच्या आत धातूचं तापमान तीस ते साठ-सत्तर अंशांनी चढतं. एलिमेंट जळतो तो याच्यामुळे. ‘वीजबिल निम्मं होईल’ ही जाहिरात मात्र सोडून द्या. एलिमेंट पाण्यात बुडालेला असतो. थर असो वा नसो, त्याची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. नुकसान एलिमेंटचं आणि तुमच्या वेळेचं.

आता खरा गमतीचा भाग. पाण्यात चुनखडी विरघळू शकते त्याहून जास्त असली तरी ती लगेच बाहेर पडत नाही. किती जास्त आहे, हे सांगणारा निर्देशांक 1936 साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्फ्रेड लँगेलियर यांनी दिला. शून्य म्हणजे समतोल, अधिक म्हणजे थर बसण्याकडे कल. पीएच 7.5, कॅल्शियमचा कठीणपणा 250, अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेट) 300, टीडीएस 700 असलेलं पाणी 25 अंशांना साधारण +0.4 वर असतं. तेच पाणी, पीएच तोच धरून, 65 अंशांना नेलं की +1.1. हे लॉगरिदमचे आकडे आहेत (एकानं वाढला की दहा पट), म्हणजे समतोलापेक्षा अडीच पट होतं ते तेरा पटींवर गेलं. मग अडीच पट असतानाही थंड पाण्याच्या टाकीत चुन्याचा गाळ का साचत नाही?

कारण स्फटिकाला जन्म घेणं महाग पडतं. आयन एकत्र येऊन घन झाले की ऊर्जा सुटते, आणि ती घनफळाच्या प्रमाणात, म्हणजे त्रिज्येच्या घनात वाढते. पण त्याच वेळी नवा पृष्ठभाग तयार होतो आणि त्याची किंमत मोजावी लागते. ती त्रिज्येच्या वर्गात वाढते. कण इवलासा असताना वर्ग घनाला भारी पडतो: फायद्यापेक्षा खर्च मोठा, आणि जमलेले आयन पुन्हा सुटे होतात. एका ठरावीक त्रिज्येनंतर घन पुढे जातो, आणि तिथून पुढे कण जितका वाढेल तितका फायदाच. ही क्रांतिक त्रिज्या काही नॅनोमीटरची. तिथवर पोचायला जो ऊर्जेचा चढ लागतो, त्यावर जन्माचा वेग घातांकी रीतीनं अवलंबून असतो, म्हणजे चढ थोडा उतरला की वेग एकदम हजारो-लाखो पटींनी वाढतो. आणि चढ उतरवायचा सोपा मार्ग म्हणजे तयार पृष्ठभाग. खडबडीत धातूच्या खाचेत कण अर्धामुर्धा बसला की त्याला उघडा पृष्ठभाग कमी लागतो, खर्च कमी येतो. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात तो यासाठीच. गीझरचा एलिमेंट हा असाच एक दोरा, वर तापलेला. म्हणजे पाणी तिथेच सर्वाधिक अतिसंपृक्त (मावेल त्याहून जास्त चुनखडी असलेलं) आणि तिथेच जन्म सर्वात स्वस्त. थर दुसरीकडे कुठे बसणार?

मिठाविना कंडिशनर हा दोरा आधीच, थंड पाण्यात लावतो. फायबरच्या नळकांड्यात पॉलिमरचे मिलिमीटरहून बारीक मणी असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर कार्बोनेटचे केंद्रक, म्हणजे स्फटिकाची पहिली बीजं, धरणाऱ्या जागा तयार केलेल्या असतात. पाणी खालून वर जातं, मणी तरंगत एकमेकांवर घासतात, आणि सूक्ष्म स्फटिक सुटून पाण्याबरोबर पुढे निघतात. कॅल्शियमचा अगदी थोडा भाग यात खर्च होतो. पण पाणी गीझरमध्ये तापतं तेव्हा प्रत्येक थेंबात असंख्य तयार स्फटिक तरंगत असतात, त्यांचा एकत्र पृष्ठभाग मोठा असतो, आणि नव्यानं जन्म घेण्यापेक्षा त्यांच्यावर वाढणं स्वस्त पडतं. चुनखडी बाहेर पडतेच, पण पाण्यात भुकटी होऊन, आणि तोटीतून निघून जाते. जर्मनीत ‘डीव्हीजीडब्ल्यू डब्ल्यू 512’ नावाची चाचणी आहे. तीत प्रक्रिया केलेलं आणि न केलेलं पाणी शेजारी शेजारी तापवून थर तोलतात, आणि किमान 80 टक्के घट दिसली तरच यंत्र पास. विकत घेताना या चाचणीचा अहवाल मागावा. ‘अमुक शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेलं’ ऐकून माघारी फिरावं.

कॅल्शियम पाण्यात राहतं म्हटल्यावर पुढचं ओघानंच आलं. साबणाला फेस पूर्वीइतकाच कमी येणार. तुरीची डाळ तितकाच वेळ घेणार, कारण कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला जखडून ठेवतं. टाइल्सवर थेंब वाळले की पांढरा डाग पडणारच, बहुधा पुसायला सोपा असा. ज्याला फेस आणि मऊ डाळ हवी, त्यानं मिठाचाच सॉफ्टनर घ्यावा आणि त्याची किंमत समजून घ्यावी: 25 लिटर रेझिनला एका पुनर्भरणात (मिठाच्या पाण्यानं रेझिन पुन्हा ताजं करताना) अडीच ते चार किलो मीठ, शे-दीडशे लिटर खारं पाणी गटारात, आणि दर 100 मिलिग्रॅम कठीणपणामागे पाण्यात 46 मिलिग्रॅम सोडियम. कंडिशनर पिण्याच्या पाण्याचा आरओही नव्हे. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड यांना तो हातही लावत नाही.

पाइपावर बांधायची चुंबकं आणि तारा गुंडाळलेले डबे यांचे निकाल प्रयोगाप्रयोगाला बदलतात. पैसे घालू नयेत. त्याहून वाईट ते दारावरचं प्रात्यक्षिक: दोन पेल्यांत विजेचे रॉड बुडवतात, बोरिंगचं पाणी तांबडं-काळं होतं, आरओचं स्वच्छ राहतं, आणि आजी घाबरून चेक सही करतात. त्या पेल्यातला गाळ पाण्यातला नसतोच. रॉडमधलं लोखंड विरघळून तो तयार होतो. आरओच्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही म्हणून तिथे होत नाही. त्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तांबडं होईल.

काचेसारखे पॉलिफॉस्फेटचे गोळे हा वेगळा मार्ग, आणि बरा चालणारा. लिटरला काही मिलिग्रॅम फॉस्फेट स्फटिकाच्या वाढत्या कडांना चिकटतं आणि वाढ थांबवतं. वॉशिंग मशीनसाठी ठीक. साधारण 60-70 अंशांपुढे ते मोडायला लागतं. पण हे गोळे कंडिशनरच्या आधी कधीही लावू नका. एक स्फटिक जन्माला घालतो, दुसरा त्याला वाढू देत नाही. ‘दुहेरी संरक्षण’ म्हणून हे दोन्ही एकत्र विकतात.

बसवण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या: कठीणपणा, पीएच (6.5 ते 8.5), लोह (0.3 मिलिग्रॅमपेक्षा कमी) आणि मँगनीज (0.05 पेक्षा कमी). लोह जास्त असेल तर मण्यांवर गंजाचा लेप बसतो आणि केंद्रकाच्या जागा झाकल्या जातात. अशा वेळी आधी लोह काढायचा फिल्टर. तेल असलेलं किंवा कुजक्या अंड्याचा वास येणारं पाणी तर अजिबात नको.

जागा निवडताना आपल्याकडची अडचण दाबाची. टाकी तोटीच्या तीन मीटर वर असेल तर दाब फक्त 0.3 बार, आणि एवढा दाब फिल्टर आणि कंडिशनरच खाऊन टाकतात. त्यावर उपाय म्हणून प्लंबर कंडिशनर बोरिंगच्या पंपाच्या लाइनवर लावतो, आणि ते चुकीचं. तिथे प्रवाह ठरलेल्यापेक्षा फार जास्त होऊन मणी वर ढकलले जातात, आणि प्रक्रिया झालेलं पाणी टाकीत तासन् तास पडून राहतं. बरोबर क्रम असा: वरची टाकी, प्रेशर पंप, 20 आणि मग 5 मायक्रॉनचं कार्ट्रिज, नळाचं क्लोरिनयुक्त पाणी येत असेल तर कार्बनचं कार्ट्रिज, मग कंडिशनर, मग घर. कंडिशनरनंतर बारीक फिल्टर लावू नये, तो स्फटिकच अडवतो. आरओची लाइन आधीच काढून घ्यावी. माप प्रवाहावर ठरतं: शॉवर 8 ते 10 लिटर मिनिटाला, तोटी 6 ते 8, मशीन 10; दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर एकदम चाललं तर 25 ते 30. यंत्रावर मिनिटाला 30 ते 40 लिटर लिहिलेलं असावं.

तीन बॉल व्हॉल्व्हचा बायपास (यंत्र टाळून पाणी नेणारी वाट) आणि दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) हवेतच, म्हणजे मणी बदलताना पाइप कापावा लागत नाही. फिल्टरच्या आधी आणि नंतर एक-एक प्रेशर गेज लावा. फरक अर्ध्या बारच्या वर गेला की कार्ट्रिज बदलायचं. सीपीव्हीसीचे जोड सॉल्व्हंट सिमेंटनं चिकटवून चोवीस तास सुकू द्या, बायपासमधून भरपूर पाणी सोडून लाइन धुवा, मगच यंत्र जोडा. सिमेंटचा अंश मण्यांवर गेला तर ते कायमचे बाद. पहिल्यांदा भरताना पाणी आत येण्याचा व्हॉल्व्ह पाव उघडा, हवा जवळच्या थंड तोटीतून जाऊ द्या, अर्धा तास थांबा, मग पूर्ण उघडा. घाईनं भरलं तर हवेचे बुडबुडे चिकटलेले मणी तरंगत वर जातात. नळकांडं अर्धं रिकामं दिसलं तर चिडू नका. मण्यांना नाचायला ती जागा लागते. आणि माळवी मे महिन्यातल्या गच्चीवर ते उघड्या उन्हात ठेवू नका.

नेहमीची चूक म्हणजे आत-बाहेरची उलटी जोडणी. वाळूच्या फिल्टरची सवय असलेला प्लंबर पाणी वरून सोडतो, मणी तळाशी दाबले जातात, तोट्या मंदावतात, आणि दोष यंत्राला लागतो. बाणाकडे पाहा. दुसरी चूक टाकी धुताना होते. ब्लीचिंग पावडर घातलेलं पाणी यंत्रातून गेलं की मण्यांचा पृष्ठभाग जळतो. टाकी धुवायच्या दिवशी बायपास उघडा आणि क्लोरिनचा वास जाईपर्यंत तसाच ठेवा.

जुना थर आधी काढून घ्या. गीझरची वीज बंद करून पाणी काढा, एलिमेंट बाहेर घ्या, लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून तासभर बुडवा. पाणी उकळतं नको, कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात उलट खाली बसतं. संडासचं अ‍ॅसिड तर नकोच. एलिमेंट निघालाच आहे तर मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारा) किती खपला तेही पाहून घ्या. पहिले दोन-तीन महिने पाइपांतले जुने पापुद्रे सुटून तोटीच्या जाळीत अडकतात. जाळ्या काढून झटकाव्या.

चालतं की नाही हे पाहायचं तर टीडीएसचं पेन ठेवून द्या आणि दोन सारखी स्टीलची पातेली घ्या. एकात बायपासचं, दुसऱ्यात यंत्राचं पाणी, दोन-दोन लिटर. 75 ते 80 अंशांपर्यंत तापवा, दहा मिनिटं ठेवा, ओता, पुन्हा भरा. असं दहा वेळा. मग दोन्ही बोटानं पुसून पाहा. बायपासच्या पातेल्यात नखानं खरवडावा लागणारा थर असेल; यंत्राच्या पातेल्यात ओल्या फडक्यानं निघणारी भुकटी. दोन्हींत सारखाच थर असेल तर आधी बायपासचा मधला व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का बघा, मग लोहाची तपासणी पुन्हा करा, आणि यंत्र तीन-पाच वर्षांचं झालं असेल तर मणी बदला.