सरकारी पैसा, पण कोणत्या सरकारचा? आशियाशी स्नेह जोडणाऱ्या कोकणातील संस्थांसाठी

कोकणातील लहान संस्थांच्या बैठकांत ‘सरकारी ग्रँट’ हा शब्द सरसकट वापरला जातो. दिल्लीच्या संस्कृती मंत्रालयाकडून मिळणारी रक्कम ग्रँट, आणि एखाद्या आशियाई देशाच्या वकिलातीने देऊ केलेली रक्कमही ग्रँटच. दोन्हीकडे देणारे सरकार असते, दोन्हीकडे अर्ज, अंदाजपत्रक आणि शेवटी अहवाल असतो, त्यामुळे हे एकाच जातीचे पैसे आहेत असा समज होणे स्वाभाविक आहे. ‘वकिलात म्हणजे सरकारच की, मग त्यात परवानगी कसली?’ हा प्रश्न मी जबाबदार पदाधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र पहिली रक्कम अनुदान ठरते आणि दुसरी विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी स्रोताकडून आलेला पैसा. अनुदानाचा हिशेब पैसे आल्यानंतर द्यायचा असतो, तर विदेशी अंशदानाची परवानगी पैसे येण्यापूर्वी घ्यायची असते. हा क्रम चुकला तर चांगल्या हेतूने चालणारी संस्थाही गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकते, म्हणून दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून पाहणे आवश्यक वाटते.

उदाहरण रत्नागिरीचेच घेऊ. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला १८८५ च्या युद्धानंतर पदच्युत करून इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० च्या सुमारास पूर्ण झाला, १९१६ मध्ये राजाचे येथेच निधन झाले आणि त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. त्याच्या बरोबर उलट, दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनी रंगूनला धाडले आणि १८६२ मध्ये तो तेथेच वारला. या दोन निर्वासनांवर शहरातील एखाद्या संस्थेने तीन दिवसांचे चर्चासत्र, छायाचित्रांचे प्रदर्शन आणि म्यानमारमधील कलावंतांचे सादरीकरण ठरवले आणि त्याचा खर्च सहा लाख रुपये धरला, असे समजू. हे सहा लाख कोठून आणायचे, येथून आपला विषय सुरू होतो.

आपल्या केंद्र सरकारचे अनुदान सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ च्या नवव्या प्रकरणाखाली दिले जाते. संस्थेला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असले पाहिजे. आपल्याकडे बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात, त्यामुळे ही अट पूर्ण होते. अडचण येते ती धर्मादाय आयुक्तालयात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बदल अर्जांमुळे, म्हणजे नवे पदाधिकारी नोंदवण्यासाठी केलेल्या अर्जांमुळे, कारण अर्जावर सही करणारी कार्यकारिणी आणि नोंदवहीतील कार्यकारिणी वेगळी दिसली की प्रस्ताव तेथेच अडकतो. याखेरीज स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या एनजीओ दर्पण या सरकारी संकेतस्थळावरील ओळख क्रमांक लागतो आणि याच कारणासाठी अन्य मंत्रालयाकडे अर्ज केला आहे किंवा कसे, हेही लिहून द्यावे लागते.

पैसे मिळाल्यानंतरची बंधने अधिक कडक आहेत, आणि ती सही करण्यापूर्वीच वाचली पाहिजेत. संस्थेला बंधपत्र द्यावे लागते आणि अटी मोडल्यास त्यावर सह्या करणारे पदाधिकारी रक्कम दरसाल दहा टक्के व्याजासह परत करण्यास एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार ठरतात. अनुदान बँकेत पडून असताना मिळालेले व्याज संस्थेचे नसते. ते हिशेब पूर्ण होताच भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या तिजोरीत, भरावे लागते. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत विहित नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला, द्यावे लागते आणि मागचे प्रमाणपत्र थकले असेल तर पुढचा हप्ता किंवा पुढचे अनुदान मिळणे कठीण होते. संस्थेचे हिशेब मंजुरी देणाऱ्या खात्याला आणि महालेखापरीक्षकांना तपासणीसाठी खुले राहतात. संस्थेचा खर्च मोठ्या प्रमाणात शासनाच्या पैशावर चालत असेल तर ती माहितीच्या अधिकाराच्या कक्षेतही येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता वकिलातीकडे वळू. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम २०१० मध्ये ‘विदेशी स्रोत’ या संज्ञेची व्याख्या करताना परदेशाचे सरकार आणि त्या सरकारची कोणतीही यंत्रणा यांचा उल्लेख अगदी आरंभी केलेला आहे. त्यामुळे वकिलात दिल्लीत असली, धनादेश भारतीय बँकेचा असला आणि रक्कम रुपयांत असली, तरी ते विदेशी अंशदानच होय. पैसा कोणत्या चलनात आला हे येथे गौण आहे. तो कोणाचा आहे एवढेच पाहिले जाते. जपान फाउंडेशनसारखी, त्या देशाच्या सरकारच्या अखत्यारीत काम करणारी संस्थादेखील याच व्याख्येत येते. संयुक्त राष्ट्रसंघ आणि युनेस्कोसारख्या त्याच्या विशेष संस्था मात्र या व्याख्येतून कायद्यानेच वगळलेल्या आहेत, म्हणजे पैसा परदेशातून आला तरी तो या अर्थाने विदेशी अंशदान ठरत नाही.

कोकणात या व्याख्येचा आणखी एक पदर समजून घ्यावा लागतो. खेड, चिपळूण, महाड या भागांतील असंख्य घरांतून कोणी ना कोणी आखातात आहे, आणि गावच्या संस्थेला पहिली देणगी बहुधा तेथूनच येते. कुवेत किंवा दुबईत वीस वर्षे राहिलेल्या माणसाकडे भारतीय पारपत्र असेल आणि त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवले असतील, तर ते विदेशी अंशदान नव्हे. त्याच कुटुंबातील दुसऱ्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे ओळखपत्र) असले आणि तो गणपतीला गावी येऊन रोख वर्गणी देऊ लागला, तरी तो विदेशी स्रोत ठरतो. पावती फाडताना खजिनदाराने देणगीदाराचा पत्ता विचारून भागत नाही, नागरिकत्व विचारले पाहिजे. हे विचारताना संकोच वाटतो हे मला माहीत आहे, तरीही विचारावे.

विदेशी अंशदान घेण्याचे कायदेशीर मार्ग दोन आहेत: केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी किंवा त्याची पूर्वपरवानगी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे अस्तित्वात असावी लागते आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मुख्य कामावर किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. वर्षाला सरासरी पाच लाखांचा खर्च तालुक्याच्या ठिकाणची फारच थोडी मंडळे दाखवू शकतील. त्यामुळे आपल्याकडील बहुतेक संस्थांसाठी पूर्वपरवानगी हाच व्यवहार्य मार्ग उरतो. ती एका ठरावीक देणाऱ्याकडून, ठरावीक रक्कम, ठरावीक कामासाठी घेण्यापुरती असते आणि अर्जासोबत देणाऱ्याचे वचनपत्र जोडावे लागते. येथे एक कोंडी होते, कारण वकिलातीला आधी परवानगी पाहायची असते आणि गृह मंत्रालयाला आधी वचनपत्र. परवानगी मिळाल्यास अमुक रक्कम अमुक कार्यक्रमासाठी देऊ, अशा सशर्त वचनपत्राची विनंती सुरुवातीलाच केली तर ही कोंडी बहुधा सुटते. अर्जावर सामान्यतः नव्वद दिवसांत निर्णय व्हावा अशी तरतूद आहे. पण कोकणात पावसाळा आणि गणपती सरल्यावर, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कार्यक्रम करायचा असेल, तर नव्वद दिवसांच्या भरवशावर न राहता आदल्या हिवाळ्यातच कामाला लागावे, असे मी सुचवीन.

परवानगी मिळाल्यावर रक्कम फक्त नवी दिल्लीतील संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. हे ऐकून पुष्कळ जण हात टेकतात, परंतु ते खाते आपल्या गावातील स्टेट बँकेच्या शाखेमार्फत उघडता येते आणि पैसे पुढे रत्नागिरीतील किंवा कणकवलीतील खात्यात वळवून खर्च करता येतात. या खात्यांत दुसरा कोणताही पैसा मिसळायचा नाही. अंशदानावर मिळालेले व्याजदेखील अंशदानच समजले जाते. ते शासनाला परत जात नाही, पण त्याचा हिशेब त्याच नियमांनी द्यावा लागतो. प्रशासकीय खर्च एकूण रकमेच्या वीस टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायचा नाही. वार्षिक विवरणपत्र वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे. परवानगीविना पैसे घेतले तर पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद कायद्यात आहे.

२०२० च्या दुरुस्तीने आलेले एक बंधन लहान गावांना सर्वांत जाचक ठरले आहे. त्यापूर्वी मुंबई-पुण्याची नोंदणीकृत मोठी संस्था विदेशी अंशदान घेऊन त्यातील काही भाग अशीच नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेला देऊ शकत असे. आता कोणालाही असे हस्तांतर करता येत नाही. पैशांच्या साखळ्या तपासता याव्यात हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे, तरी किनाऱ्यावरच्या ज्या संस्थांना स्वतःच्या बळावर वकिलातीपर्यंत पोहोचता येत नव्हते त्यांचा आधार त्यामुळे गेला, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

दोन्ही पैशांतील खरा फरक मात्र नियमांच्या आधी, हेतूतच सुरू होतो. ‘आंतरराष्ट्रीय सामंजस्य’ असे नाव देऊन पाठवलेला प्रस्ताव दोन्हीकडे अडखळतो, त्याचे कारण येथे आहे. संस्कृती मंत्रालयाच्या योजनांत भारत व परराष्ट्र यांच्या मैत्रीसाठी काम करणाऱ्या सांस्कृतिक संस्थांना अनुदान देणारी एक योजना आहे. तिचे नाव वाचून रत्नागिरीतल्या आपल्या संस्थेला ती आपल्यासाठीच आहे असे वाटते. वास्तविक ती परदेशांत कार्यरत असलेल्या मैत्री संस्थांसाठी असून तिचा पैसा तेथील भारतीय दूतावासांमार्फत दिला जातो. येथील संस्थेने त्याऐवजी चर्चासत्र, परिषद, महोत्सव यांसाठी असलेल्या योजनेकडे पाहावे. तिच्यात सामान्यतः पाच लाख रुपयांपर्यंत मदत होते. परराष्ट्र मंत्रालयाखालील भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आणि दिल्लीच्या सप्रू हाउसमधील भारतीय विश्व व्यवहार परिषद यांच्याकडेही विषयानुसार जाता येते. १९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीत भरलेली आशियाई संबंध परिषद याच विश्व व्यवहार परिषदेने भरवली होती आणि त्या वेळी ती एक बिनसरकारी संस्था होती, हे आपल्यासारख्यांनी विसरू नये.

परदेशी सरकार त्याच कार्यक्रमाकडे दुसऱ्या टोकाकडून पाहते. जपान फाउंडेशनची कामे कला व संस्कृतीची देवाणघेवाण, जपानी भाषा आणि जपानविषयक अभ्यास या भागांत मोडतात. जपानी दूतावासाची तळागाळातील मानवी सुरक्षा प्रकल्पांसाठीची मदत साधारणपणे एक कोटी येनपर्यंत असते. पण ती शाळा, आरोग्य, पाणी अशा मूलभूत गरजांसाठी आहे, स्नेहसंमेलनासाठी नव्हे. म्हणजे आपले मंत्रालय आपल्या संस्कृतीसाठी देते, त्यांचे सरकार त्यांच्या भाषेसाठी आणि कलेसाठी देते, आणि दोघांना जोडणारे जे काम आपल्याला सर्वांत प्रिय असते त्याला कोणत्याच तक्त्यात रकाना नसतो. ते काम सुटे करून मांडावे लागते.

थिबा राजाच्या कार्यक्रमाचे सहा लाख असे सुटे करता येतील. चर्चासत्र, भारतीय अभ्यासकांचा प्रवास, सभागृह आणि प्रदर्शनाच्या चौकटी हा भाग संस्कृती मंत्रालयाच्या अर्जात जावा, आणि त्यात विषय रत्नागिरीचा इतिहास म्हणून मांडावा. परदेशी कलावंतांचे विमानभाडे, मानधन आणि निवास यांचा खर्च त्या देशाच्या यंत्रणेने स्वतः, आपल्या नावावर, परस्पर करावा अशी विनंती करावी, कारण त्या वेळी संस्थेच्या खात्यात काहीच येत नाही. ही व्यवस्था पत्राने ठरवून घ्यावी आणि सनदी लेखापालांना आधी दाखवावी. मात्र जाताना त्यांनी वाद्ये, पुस्तके किंवा प्रक्षेपक संस्थेला भेट दिले, तर त्या वस्तूही विदेशी अंशदानात मोडतात. परवानगी नसेल तर त्या नम्रपणे नाकाराव्या लागतील. एकाच खर्चाचे बिल दोन्ही सरकारांच्या हिशेबात दाखवू नये, हे वेगळे सांगायला नको.

पुढच्या वर्षी त्या देशाने आपल्या मंडळाला परतभेटीचे निमंत्रण दिले, तर आणखी एक गोष्ट तपासावी. कोकणातील संस्थांचे कार्यवाह पुष्कळदा शासकीय सेवेत किंवा शासनाच्या नियंत्रणाखालील संस्थेत नोकरीला असतात, आणि अशा व्यक्तींना परदेशात असताना तेथील सरकारचा प्रवासखर्च किंवा पाहुणचार घ्यायचा असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. ती संस्थेच्या परवानगीहून वेगळी असते, प्रत्येकाने स्वतःच्या नावाने मागायची असते, आणि निमंत्रणपत्र हाती येताच अर्ज करावा.